सॉकेट-आज्ञावलीचे स्थलांतर : शब्दसाम्य आणि अर्थभेद

सगोत्र भाषांतून भाषांतर करणाऱ्यास अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दच अधिक फसवितात. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत तोच शब्द दंडाचा वाचक होतो. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली नेटवर्कची आज्ञावली दुसऱ्या प्रणालीवर नेणाऱ्यासही हाच अनुभव येतो. त्याची ऐतिहासिक कारणे पाहावीत, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ऑगस्ट १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसृत केली. तिच्याबरोबर ‘सॉकेट’ ही कल्पना रूढ झाली. सॉकेट म्हणजे दोन आज्ञावलींमधील संभाषणाचे एक टोक. युनिक्सच्या परंपरेस अनुसरून त्यास फायलीप्रमाणेच एक लहान पूर्णांक क्रमांक मिळाला; साहजिकच फाईल वाचण्याच्या, लिहिण्याच्या व बंद करण्याच्या आज्ञा त्यासही लागू पडल्या.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापली नेटवर्क-यंत्रणा तयार केली. त्या सर्वांस समान असा ‘विंडोज सॉकेट्स’ हा संकेत ठरला, त्याची १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ ची. जुनी आज्ञावली सहज नेता यावी म्हणून बर्कलीची बहुतेक नावे कायम ठेवण्यात आली. परंतु येथे ही यंत्रणा बाहेरून जोडलेल्या लायब्ररीच्या रूपाने येई. सॉकेट म्हणजे फाईलच, असे मानता येईना. म्हणून ‘क्लोज’च्या जागी ‘क्लोजसॉकेट’ आले, आणि प्रारंभी ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’चे मंगलाचरण अनिवार्य झाले.

हे भेद नावांतच दिसतात. खरा धोका नाव तेच राहून अर्थ पालटतो तेथे असतो. युनिक्समध्ये सॉकेट मिळाले नाही तर उणे एक हे उत्तर येते. म्हणून ‘शून्याहून कमी आहे काय’ एवढी चाचणी पुरते. विंडोजमधील सॉकेटचा प्रकार ऋण संख्या जाणतच नाही. त्यावर केलेली ही चाचणी कधीच खरी ठरत नाही, आणि अपयश यश म्हणून पुढे जाते. ‘एर्नो’ हे त्रुटिदर्शक नाव दोहोंकडे आहे. पण विंडोजमध्ये सॉकेटची त्रुटी तेथे नोंदली जात नाही, ती ‘डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर’ला विचारावी लागते. ‘एफडी-सेटसाइझ’ ही युनिक्समध्ये सॉकेटच्या क्रमांकावरील मर्यादा, तर विंडोजमध्ये संचातील सॉकेटांच्या संख्येवरील. तीही मुळात ६४.

२००१ च्या पॉझिक्स मानकात बर्कलीचा संकेत समाविष्ट झाला व युनिक्स-कुलातील अंतर पुष्कळ कमी झाले. विंडोजशी असलेले अंतर मात्र राहिले. तात्पर्य, केवळ नावे बदलणे म्हणजे स्थलांतर नव्हे. मूळ लेखकाने न लिहिता गृहीत धरलेले काय होते, हे प्रथम शोधावयास हवे. कंपायलर शब्दांची व व्याकरणाची साक्ष देईल. अभिप्रेत अर्थाची जबाबदारी वाचणाऱ्यावरच राहते.