स्तन राखणारी शस्त्रक्रिया : तळटीप

* स्तन पूर्ण काढण्याची जुनी शस्त्रक्रिया म्हणजे शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये रूढ केलेली पद्धत : स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही काढायच्या. हात सुजे, खांदा आखडे. तरी पाऊणशे वर्षे हाच उपचार प्रमाण मानला गेला. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात, २ सेंटीमीटरपर्यंत गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांपैकी काहींवर हीच शस्त्रक्रिया केली. बाकीच्यांच्या स्तनाचा गाठ असलेला चतुर्थांशच काढून किरणोपचार दिले. कोण कोणत्या गटात, हे यदृच्छेने ठरले. २० वर्षांनी दोन्ही गटांतले जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. राखलेल्या स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण मात्र अधिक होते, हेही वाचकाला सांगितलेच पाहिजे. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांत, तर न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांत रोग त्याच स्तनात परतला. म्हणून किरणोपचार हा स्तन राखण्याच्या उपचाराचाच भाग समजावा. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल किंवा किरणोपचार देणे शक्य नसेल, तर आजही स्तन काढावा लागू शकतो. एरवी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी स्तन राखण्याच्या पर्यायाविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. — संपादक