हिर्टा बेटावरची खतावलेली जमीन

स्कॉटलंडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांच्या पश्चिमेस सुमारे ६४ किलोमीटरवर सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. त्यातील हिर्टा या मुख्य बेटावरील शेवटची ३६ माणसे २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडून गेली. कड्यांवरून दोराने उतरून समुद्रपक्षी पकडणारे लोक, एवढीच त्यांची ओळख बहुधा सांगितली जाते. ती खरीच आहे. पण जमिनीवरचे अवशेष पाहता मला हे गाव आधी शेतकऱ्यांचे वाटते.

मार्टिन मार्टिन हा प्रवासी १६९७ मध्ये तेथे गेला, तेव्हा वस्ती सुमारे १८० होती. जव आणि ओट पिकत, गायी आणि मेंढ्या होत्या. त्या काळची घरे दाटीने एकत्र होती आणि शेताचे तुकडे कुटुंबांत वाटलेले असत. १८३० च्या दशकात, नील मॅकेन्झी या पाद्र्याच्या कारकिर्दीत, घरे नव्याने अर्धवर्तुळाकार ओळीत बांधली गेली आणि प्रत्येक घराला समुद्राकडे उतरणारी लांबट पट्टी मिळाली. आज दिसते ती प्रामुख्याने ही मांडणी. १८६० च्या सुमारास तिच्यात १६ नव्या घरांची भर पडली.

शेतातून वेचलेले दगड जाड बांधांत रचलेले आहेत. 'क्लीट' नावाच्या, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कोठ्या एकट्या हिर्टावर १२०० हून अधिक आहेत. वारा भिंतींच्या फटींतून खेळे, त्यामुळे आत ठेवलेले पक्ष्यांचे मांस आणि जळण सुके राही.

मात्र सर्वांत बोलका पुरावा मातीत आहे. आपल्याकडे उकिरडा घराबाहेर असतो. तेथे तो घरातच साचे. हिवाळाभर जनावरांचे शेण, चुलीची राख आणि पक्ष्यांचे टाकाऊ अवशेष जमिनीवर थरावर थर पडत. वसंतात तो थर खणून शेतात पसरत. राख मुख्यतः गवताळ जमिनीची ढेकळे जाळून मिळे. म्हणजे कुरणाचा कस शेतात येत होता आणि कुरण उघडे पडत होते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अँड्र्यू मेहार्ग आणि सहकाऱ्यांना या जुन्या शेतांत शिसे व जस्त यांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्याचा उगम याच खतात होता. जड धातू मातीत साचत जातात, सहजी निघत नाहीत.

गाव उठण्यामागे इतर कारणे ठळक आहेत. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाकडे निघाले आणि त्यांतले बरेच वाटेतच दगावले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर तरुणांचे जाणे वाढले. तरी मातीची ही नोंद बाजूला ठेवता येत नाही. जमीन सुपीक व्हावी म्हणून पिढ्यान् पिढ्या जे कष्टाने घातले, त्यातूनच तिच्यात धातू साठत गेले. आणि घालणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसण्याजोगे नव्हते.

आपल्या खेड्यांचा इतिहास लिहिताना आपण सनदा आणि दप्तरे वाचतो. बांध आणि त्यामागची माती यांनाही तोच मान द्यायला हवा. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले दप्तर तेच असते.