गावकऱ्यांचा धर्म आणि देवाचं रान



पाचगणीत झाडांवर बोलायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. परदेशात काही लोक पुन्हा झाडांची उपासना करू लागलेत, स्वतःला पेगन म्हणवतात, झाडाखाली बसून ध्यान करतात. हे आपल्याकडे होतंच ना? मग त्यात नवीन काय? आज याच प्रश्नाचा इतिहास बघू. उत्तर 'होतं' असंच आहे. पण आपल्याकडे नेमकं काय होतं, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण आपण ते बरंचसं विसरलो आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. 'पेगन' हा शब्द लॅटिन 'पागानुस'वरून आला. त्याचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस, गावकरी. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म आधी शहरांतून रुजला. जुने देव गावाकडे जास्त काळ टिकले, म्हणून पुढे त्या देवांना मानणारा तो 'गावकरी', अशी एक समजूत आहे. हा अर्थ लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

युरोपात या गावकऱ्यांची झाडं तोडली गेली. आठव्या शतकात बोनिफेस नावाच्या धर्मप्रसारकाने जर्मनीत गाइस्मार इथला पवित्र ओक पाडला आणि त्याच्या लाकडातून प्रार्थनागृह उभारलं, असं त्याचा चरित्रकार सांगतो. 1387 साली लिथुआनियाने अधिकृतपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा तिथल्या पवित्र राया तोडल्या गेल्या. त्यामुळे विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ज्यांनी ही उपासना पुन्हा सुरू केली, त्यांना ती बरीचशी पुस्तकांतून आणि कल्पनेतून जुळवावी लागली. अखंड चालत आलेली परंपरा त्यांच्या हाती नव्हती.

आपल्या हाती ती आहे. तिचं नाव देवराई. कोकणात काही ठिकाणी 'रहाट' म्हणतात. महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त देवरायांची नोंद झालेली आहे. काळकाई, शिरकाई, वाघजाई, म्हसोबा, भैरोबा असे त्यांचे देव. पुष्कळ ठिकाणी देव म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, वर छप्पर नाही. देवीला छप्पर चालत नाही, असं गावात सांगतात.

आता मुद्द्याची गोष्ट. देवराईत लोक झाडाला मिठी मारायला जात नव्हते. खरं तर फारसं कुणी आत जातच नव्हतं. देवराई राखली ती नियमाने. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, कुऱ्हाड आत न्यायची नाही, काही ठिकाणी चपला बाहेर काढायच्या. गावावर आपत्ती आली, कुणाचं घर जळालं, तर देवाला कौल लावायचा. देवाने उजवा दिला तर तेवढंच लाकूड घ्यायचं. या नियमामागे भक्ती होती तशी भीतीही होती. देवी कोपेल, घरात आजारपण येईल, ही भीती. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण त्या भीतीने जे राखलं, तेही बघायला हवं.

ते बघायचं काम दोन माणसांनी केलं. पुण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. 1970च्या दशकात दोघे सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडले आणि 1976 साली 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असताना देवराईत जुनी प्रचंड झाडं आणि मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल उभे होते.

त्यांच्या कामातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. काळकाईची राई तोडली जाणार, असं गावाला कळलं. गावकऱ्यांनी मदतीसाठी या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बारमाही वाहणारा आमचा एकच ओढा आहे आणि तो या राईतून येतो. तोड त्या वेळी थांबली. गावकऱ्यांनी देवीचं नाव घेतलं आणि पाण्याचंही. त्यांच्या लेखी ती दोन वेगळी कारणं नव्हती.

नियम फक्त गावाचाच होता असंही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1715च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कसं घ्यावं ते सांगितलंय. आंबा, फणस ही झाडं उपयोगाची, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. इथे कोपणारी देवी नाही, राज्याचा विवेक आहे.

आता आपल्या पाचगणीकडे येऊ. या खोलीच्या खिडकीतून जे उंच सिल्व्हर ओक दिसतात, ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन चेसन यांनी 1860च्या दशकात पाचगणी वसवायला घेतली, त्यानंतर परदेशी झाडं इथे आली, रुजली. त्याच काळात महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यात सरकारने सिंकोना लावून पाहिला, तो फसला. या झाडांवर राग धरायचं कारण नाही. त्यांच्या सावलीत आपण वाढलो. पण हे नातं वेगळं आहे. हे झाड माणसाने स्वतःसाठी लावलं, शोभेला, सावलीला, औषधाला. ते तोडायचं की नाही, हे मालक ठरवतो. देवराईतलं झाड कुणा एकाचं नव्हतं. 2001 साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाला. देवीच्या जागी अधिसूचना आली. मात्र अधिसूचनेचा धाक वाटायला ती वाचणारा आणि पाळणारा गाव लागतो.

मग विज्ञान काय सांगतं? टेबललँडवर माथ्याला जांभा आहे, खाली काळा बेसाल्ट. जांभ्यातून पावसाचं पाणी मुरतं, खाली अडतं आणि डोंगराच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. उतारावर झाडं असली की माती जागेवर राहते आणि पाण्याला मुरायला उसंत मिळते. गाणीच्या गावकऱ्यांना हे शिकवावं लागलं नाही. उंबर आणि वड घ्या. एक झाड फळून गेलं की दुसरं फळतं, त्यामुळे रानात इतर फळं नसतात तेव्हाही पाखरांना काहीतरी मिळतं. उंबर तोडू नये म्हणणाऱ्याला हे ठाऊक असो नसो, नियम बरोबर होता.

पण श्रद्धेला बळ द्यायला विज्ञान ताणू नये. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण नाही आणि ऑक्सिजनही नाही. झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, हेही हल्ली फार ऐकू येतं. सुझान सिमार्ड यांनी 1997 साली दाखवलं की जंगलात बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवाणघेवाण होते. ते काम खरं आहे. पण त्यावर रचलेल्या मोठ्या दाव्यांना जंगलातला पुरावा तोकडा आहे, असं 2023 साली दुसऱ्या संशोधकांनी बजावलं. पिंपळ वंदनीय ठरायला खोट्या रसायनशास्त्राची गरज नाही.

आणि श्रद्धा एकटी पुरते का? तीही पुरत नाही. देवीवरची श्रद्धा वाढली, वर्गणी जमली, तांदळ्यावर सिमेंटचं देऊळ आलं, सभामंडपासाठी, गाड्या लावण्यासाठी झाडं गेली, असं अनेक गावांत झालंय. देवी राहिली, राई गेली. वटपौर्णिमेला शहरात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात, तेही तसंच. पूजा झाली आणि झाड उघडं पडलं.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. झाडाखाली शांत बसण्याने मन निवतं, जरूर बसा. पण आपल्या परंपरेत झाडाशी नातं म्हणजे मुख्यतः हात आवरणं होतं, आणि तेही एकट्याने नव्हे, सगळ्या गावाने मिळून. देवी, विज्ञान, कायदा ही त्या आवरण्याची कारणं झाली. ते पाळायला गाव लागतोच. या अर्थाने 'पागानुस', गावकरी, हा शब्द फार योग्य आहे.

जाताना एक काम सांगतो. आपापल्या मूळ गावी देवाच्या नावाने राखलेलं रान आहे का, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. असेल तर तिथला नियम काय होता आणि शेवटचा कधी मोडला, तेही विचारून लिहून ठेवा. पुढच्या वेळी येताना तो कागद घेऊन या, आपण एकत्र वाचू.

आता प्रश्न घेऊ.