धनको आणि ऋणको : चिंतामणराव देशमुखांची एक विस्मृत कामगिरी

चिंतामणराव देशमुख हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १९५६ साल उभे राहते. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारा आणि भर संसदेत पंतप्रधानांना खडे बोल सुनावणारा हा करारी पुरुष संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचा जाऊन बसला, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या एका प्रसंगाच्या प्रखर प्रकाशात त्यांचे दुसरे एक कार्य झाकोळून गेले. गरीब देशाने श्रीमंत देशांशी पैशाचा व्यवहार करताना कोणत्या पायरीवर उभे राहावे, हा प्रश्न ज्या पिढीपुढे प्रथम आला, त्या पिढीतील ते एक प्रमुख पुरुष होते. आपला देश धनको असताना आणि पुढे ऋणको झाल्यावर, अशा दोन्ही काळांत, या व्यवहाराच्या बैठकीला बसण्याचे काम त्यांच्याकडे आले.

रायगडाच्या पायथ्याशी, महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले आणि १९१८ साली आय. सी. एस. च्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. पुढची सुमारे वीस वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या महसूल व अर्थखात्यांत गेली. म्हणजे हा अर्थतज्ज्ञ पाठ्यपुस्तकातून घडलेला नव्हता; शेतसारा, पीकपाणी आणि तगाई यांच्या कागदांतून तो वर आला होता. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच ऑगस्टात कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे छापली आणि रस्त्यावर मरून पडलेली माणसे साऱ्या जगाने पाहिली. त्या दुष्काळात पंधरा ते तीस लक्ष माणसे दगावली असे निरनिराळे अंदाज आहेत. आणि याच वेळी रिझर्व्ह बँकेच्या लंडनमधील खात्यात भारताच्या नावावर पैशाच्या राशी चढत होत्या! हा विरोधाभास नीट समजून घेतला पाहिजे.

युद्धासाठी ब्रिटिश सरकार भारतातून धान्य, कापड, पोलाद, तंबू, बूट असा नाना प्रकारचा माल उचलीत होते. त्याची किंमत भारताला मालाने किंवा सोन्याने मिळत नसे. ती लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या जमेच्या आधारावर येथे रुपयांच्या नोटा छापल्या जात. १९३९ साली दोनशे कोटींच्या आत असलेले नोटांचे चलन १९४५ मध्ये अकराशे कोटींच्या वर गेले. बाजारात माल कमी आणि नोटा अमाप, मग महागाई भडकल्यावाचून कशी राहील? इंग्लंडमधले आपले जुने सरकारी कर्ज या काळात जवळजवळ फिटले, आणि वर युद्धाच्या अखेरीस सुमारे १,७०० कोटी रुपये इंग्लंडकडून येणे राहिले. देश साहेबाचा सावकार झाला. मात्र ही सावकारी रयतेने पोटाला चिमटा घेऊन केलेली होती. तिजोरीत पैसा असून घरात दाणा नाही, अशी ही श्रीमंती.

हे येणे बुडू द्यायचे नाही, ही त्या काळी भारतीय अर्थतज्ज्ञांची मोठी चिंता होती. इंग्लंडात काही वजनदार मंडळी या रकमेत काटछाट करण्याची भाषा बोलू लागली होती. युद्ध दोघांचे, तेव्हा खर्चही दोघांचा, असा त्यांचा युक्तिवाद. जो देश आपली संमती न विचारता युद्धात ओढला गेला, त्याला ही भागीदारी ऐकवावी, हे साम्राज्याच्या अर्थशास्त्रालाच शोभणारे!

या पार्श्वभूमीवर जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हँपशायर राज्यातल्या ब्रेटन वूड्स या डोंगरी ठिकाणी ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्धोत्तर जगाच्या पैशाची घडी बसविण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्था तेथे जन्मास आल्या. भारतीय शिष्टमंडळाचे नेते अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन हे होते आणि सर थिओडोर ग्रेगरी हेही त्यात होते. त्यांच्या बरोबरीने चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ हे भारतीय बसले होते. परतंत्र देशाचे हे शिष्टमंडळ मुकाट बसून माना डोलावील अशी ज्यांची अपेक्षा असेल, त्यांची निराशा झाली. बँकेत लक्षावधींची शिल्लक असून टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात दमडी नसावी, तशी भारताची अवस्था आहे, असे श्रॉफ यांनी परिषदेला सुनावले. स्टर्लिंगच्या प्रश्नात नाणेनिधीने हात घालावा ही मागणी मात्र मान्य झाली नाही. तो तंटा इंग्लंड आणि भारत यांनी आपसांत मिटवावा, असे ठरले.

दुसऱ्या दोन बाबतींत पदरात काही पडले. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, असा भारतीय शिष्टमंडळाचा आग्रह होता. ‘अविकसित’ हा शब्द बड्या राष्ट्रांनी गाळला. परंतु सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास, ही शब्दयोजना नाणेनिधीच्या पहिल्याच कलमात आली आणि ती आजही तेथे आहे. दुसरी बाब सभासद-वाट्याची, म्हणजेच कोट्याची. भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला; चीनचा ५५ आणि फ्रान्सचा ४५ कोटींचा होता. पुढे सोव्हिएत रशिया सभासद झालाच नाही, त्यामुळे पहिल्या पाचांत भारताची गणना होऊन कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा लाभली. १९७० मध्ये जपान पुढे जाईपर्यंत ती टिकली. याचे सारे श्रेय एकट्या चिंतामणरावांना देणे इतरांवर अन्याय करणारे ठरेल. तथापि त्या शिष्टमंडळातून पुढे दीर्घकाळ या संस्थांशी संबंध ठेवून ती घडी बसविण्याचे काम केले ते त्यांनी. सुमारे दहा वर्षे ते दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते आणि १९५० साली पॅरिस येथे भरलेल्या त्यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

दरम्यान चित्र पालटत होते. फाळणीने पंजाबची गव्हाची आणि बंगालची तागाची जमीन विभागली गेली. स्टर्लिंगचे येणे हप्त्याहप्त्याने सुटू लागले, पण सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरमध्ये त्या शिलकेची किंमत एका रात्रीत घटली. त्याच साली जागतिक बँकेने भारताला रेल्वेसाठी ३ कोटी ४० लक्ष डॉलरचे कर्ज दिले. आशिया खंडाला दिलेले तिचे ते पहिले कर्ज. पाठोपाठ एक कोटी डॉलर मिळाले ते ट्रॅक्टरांसाठी. मध्य भारतातील काळ्या जमिनीत कांस गवताची मुळे इतकी खोल गेली होती की बैलांच्या नांगराला ती दाद देत नसत. ही जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्याची ती योजना होती. आपल्यापैकी ज्यांनी माळवा-भोपाळकडे वास्तव्य केले आहे, त्यांना कांस म्हणजे काय हे सांगावयास नको.

१९४९ मध्येच सरकारने चिंतामणरावांना आपले खास आर्थिक प्रतिनिधी म्हणून अमेरिका व युरोपकडे पाठविले आणि गव्हासाठी कर्ज मिळविण्याची पहिली बोलणी त्यांनी केली. सहा वर्षांपूर्वी नावावर पैसा असून धान्य मिळाले नव्हते. आता धान्य दिसत होते, तर पैसा अपुरा! १९५० मध्ये ते नियोजन मंडळाचे सभासद आणि लवकरच अर्थमंत्री झाले. अवर्षणामुळे १९५१ च्या आरंभी बिहार आणि मद्रासकडे उपासमारीची छाया पडली, आणि भारताने अमेरिकेकडे वीस लक्ष टन धान्य मागितले. तेथील काँग्रेसमध्ये कित्येक महिने काथ्याकूट चालला. कोरियाच्या युद्धात भारत आमच्या बाजूने का बोलत नाही, असे कोणी विचारले. बदल्यात मोनाझाइट आणि मँगनीज द्या, असे कोणी म्हणाले. भुकेल्याच्या ताटाशी परराष्ट्रनीतीची परीक्षा घेण्याचा हा प्रकार येथील लोकांच्या जिव्हारी लागला. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचा कायदा झाला, आणि तो देणगीचा नव्हता, तर कर्जाचा होता. माझ्या मते ते बरेच झाले. दान घेणाऱ्याने दात्याचे ऐकून घ्यावे लागते. ऋणकोला निदान हप्ता फेडल्यावर मान वर करता येते.

त्या कर्जाला एक शेपूट होते, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. व्याजातील पहिले पन्नास लक्ष डॉलर दोन्ही देशांतील शैक्षणिक देवाणघेवाणीवर खर्च करावयाचे ठरले होते. त्यातून प्राध्यापक गेले-आले आणि आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अमेरिकन पुस्तके आली. योगायोग असा की, ही योजना चालू असतानाच मंत्रिपद सोडलेले चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले होते.

अर्थमंत्री या नात्याने बाहेरच्या पैशावर त्यांनी पहिल्या पंचवार्षिक योजनेचा डोलारा उभा केला नाही. त्या योजनेच्या खर्चाचा जेमतेम दहावा भाग परकीय साहाय्यातून आला. दुसऱ्या योजनेत हे प्रमाण पाचव्या भागाच्या वर गेले. शिवाय त्यांच्याच कारकीर्दीत भारत स्वतः देता हातही झाला होता. कोलंबो योजनेत तो घेणारा होता तसा देणाराही, आणि नेपाळला तराईतून काठमांडूपर्यंत नेणारा पहिला मोटाररस्ता, त्रिभुवन राजपथ, आपल्या लष्करी अभियंत्यांनी बांधून दिला.

१९५८ च्या ऑगस्टात गंगाजळी आटल्यामुळे जागतिक बँकेच्या पुढाकाराने वॉशिंग्टनला भारताच्या साहाय्यकर्त्या देशांची पहिली बैठक भरली, तेव्हा चिंतामणराव सत्तेबाहेर होते. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, आणि अखेरची वर्षे पत्नी दुर्गाबाई यांच्यासह हैदराबादेत, असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. नाते गाव सोडलेला हा माणूस नागपूर, मुंबई, दिल्ली, हैदराबाद असा आपल्यासारखाच गावोगावचा रहिवासी झाला. कालिदासाचे मेघदूत मात्र त्याने मराठीतच आणले.

१९८१ च्या नोव्हेंबरात भारताने नाणेनिधीकडून पाच अब्ज एसडीआरचे कर्ज मंजूर करून घेतले. तोवर त्या संस्थेने कोणत्याही देशाला दिलेले ते सर्वांत मोठे कर्ज होते, आणि त्यावर देशात बरेच वादळ उठले. ज्या परिषदेत ती संस्था जन्मली, तेथे भारताच्या बाजूने बसलेले चिंतामणराव तेव्हा हैदराबादेत शहाऐंशीच्या घरात होते. दुर्गाबाई त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तल्या होत्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी तेही गेले.