दिओतिमा : एका बाईंच्या हातचं अक्षर

पुतणीच्या लग्नपत्रिकेचा नमुना घरी आला तेव्हाची गोष्ट. मराठी बाजू सगळ्यांनी मिळून तपासली. नावं, काना-मात्रा, मुहूर्त. पण माझी नजर अडकली ती मागच्या इंग्रजी अक्षरांवर. बारीक, मोकळी, कुणीतरी टाकानं सावकाश लिहिल्यासारखी. पुतणी म्हणाली, "काकू, ह्या फॉन्टचं नाव दिओतिमा. एका बाईंनी केलाय." झालं! मागचं आवरलं आणि त्या बाईंबद्दल वाचत बसले.

त्यांचं नाव गुड्रुन फॉन हेस. जन्म १९१८चा, जर्मनीतल्या श्वेरीन गावचा. १९३४मध्ये, सोळाव्या वर्षी, त्या वायमारला ओटो डॉर्फनर यांच्याकडे पुस्तकबांधणी शिकायला गेल्या. पानांच्या घड्या शिवायच्या, पुठ्ठ्यावर चामडं चढवायचं आणि शेवटी त्यावर सोन्याच्या वर्खानं नाव उमटवायचं. बांधणी कितीही सुबक झाली तरी वरचं नाव बेढब आलं की सगळं फुकट. अक्षरांचं तिथलं शिक्षण त्यांना पुरेसं वाटेना. मग रूडॉल्फ कॉख आणि एडवर्ड जॉन्स्टन यांची पुस्तकं समोर ठेवून त्यांनी स्वतःच हात बसवला. पुढे बर्लिनला योहानेस ब्योलांट यांच्याकडेही सुलेखन शिकल्या.

महायुद्ध संपल्यावर त्या फ्रँकफर्टला आल्या. छपाईचे खिळे ओतणाऱ्या बाउअर फाउंड्रीत त्यांना बांधणीच्या कामासाठी जागा मिळाली. तिथेच त्यांनी स्वतःच्या वापरासाठी पितळेचे अक्षरठसे कोरले. प्रत्येक अक्षराचा ठसा वेगळा. तो तापवून, वर्खावर दाबून चामड्यावर एकेक अक्षर उमटवायचं. १९४७च्या सुमाराची ही अक्षरं पुढे 'हेस-अँटिक्वा' म्हणून ओळखली गेली. कारखान्याने मागितली म्हणून नव्हे, स्वतःच्या कामाला हवी होती म्हणून ती तयार झाली. त्याच काळात त्या कलाशाळेत सुलेखनही शिकवत होत्या.

त्यांचं काम पाहून स्टेम्पेल ह्या दुसऱ्या मोठ्या फाउंड्रीने छपाईसाठी अक्षरं मागितली. त्यातून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दिओतिमा बाहेर आली. तिचं मूळ एका हस्तलिखित पानात आहे. जर्मन कवी ह्योल्डरलिन यांच्या 'हायपेरियन' कादंबरीतला मजकूर गुड्रुनबाईंनी सुलेखनात लिहिला होता. नायकाच्या प्रेयसीचं नाव दिओतिमा, तेच अक्षरांना मिळालं. प्लेटोच्या ग्रंथात सॉक्रेटिस ज्या विदुषीला आपली गुरू म्हणतो, तिचंही नाव हेच.

आता थोडं अक्षराकडे पाहू. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. काही फॉन्टमध्ये त्या पट्टी लावून आखल्यासारख्या ताठ असतात. दिओतिमात त्या टाक कागदावर टेकवताना आणि उचलताना सहज उमटाव्यात तशा आहेत. बोरूनं कित्ता गिरवलेल्यांना हे लगेच कळेल: टाकाचं टोक रुंद असलं की हात वळेल तशी रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. दिओतिमाची सरळ अक्षरं रुंद आणि हवेशीर, तिरपी मात्र अरुंद. म्हणूनच ती निमंत्रणं, कार्यक्रमपत्रिका, कवितांची पानं अशा थोड्या मजकुराला शोभते. वर्तमानपत्राच्या दाट रकान्यांचं हे काम नव्हे.

१९५१मध्ये गुड्रुनबाईंचं लग्न हरमान झाप्फ यांच्याशी झालं. हरमान म्हणजे जगभरच्या संगणकांवर पोचलेल्या 'पॅलाटिनो'चे कर्ते. साहजिकच पुष्कळांना बाईंची ओळख 'झाप्फ यांच्या पत्नी' एवढीच. पण तारखा पाहा. बांधणीतलं उस्तादपण १९४०चं, पितळी ठसे १९४७चे, दोन्ही लग्नाआधीचे. अक्षरकलेतला मानाचा गाउडी पुरस्कार हरमान यांना १९६९मध्ये मिळाला, गुड्रुनबाईंना १९९१मध्ये. मध्ये बावीस वर्षं!

अक्षरं संगणकावर आली तेव्हा दिओतिमाच्या नाजूक रेघा लहान आकारात फारच पुसट दिसत. २००८मध्ये अकिरा कोबायाशी यांच्याबरोबर बाईंनी तिला थोडी भक्कम केली, 'दिओतिमा क्लासिक' म्हणून. तेव्हा त्यांचं वय नव्वद! आणि २०१८मध्ये, त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, ते पितळी ठसेही फॉन्ट होऊन सगळ्यांसाठी खुले झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा लिहिणाऱ्याचं नाव असतं, पोथी लिहवून घेणाऱ्या श्राविकेचंही असतं. लग्नपत्रिकेवर अक्षर घडवणाऱ्याचं नाव कोण छापणार? पण आपण विचारू तर शकतो.

त्या रात्री मी कपाटातून आजेसासूबाईंची मसाल्यांची वही काढली. चाळीस वर्षं आम्ही सगळ्या तिच्यावरूनच मसाले करतोय, वहीवर मात्र नाव नव्हतं. पहिल्या पानावर, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, त्यांचं नाव लिहिलं. तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, तर आजच बघा.