साडेसोळा मिलिमीटरचा रूळ

परळच्या आमच्या चाळीला बाग नव्हती. किल्लीची आगगाडी गणपतीच्या आराशीत पाच दिवस धावे, एरवी माळ्यावर. अंगणात रूळ टाकणे हा मुळात ऐसपैस जमीन असलेल्यांचा उद्योग. इंग्लंडात सर आर्थर हेवूड यांनी डफील्ड बँक या आपल्या घराच्या आवारात १८७४पासून पंधरा इंची रूळ टाकला. ते पोरखेळ करीत नव्हते. सर्वांत लहान तरीही कामाची रेल्वे किती लहान असू शकते, हे त्यांना ताडून पाहायचे होते.

आपल्याकडे हा छंद तडीस नेला तो पुण्याच्या भाऊसाहेब जोशींनी. कोथरूडमधले त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८च्या १ एप्रिलला खुले झाले. दिवे मंदावतात, छोट्या शहरात रात्र होते, सिग्नल पाहून गाड्या थांबतात. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा मात्र एक गोष्ट खटकली: हे शहर युरोपातले वाटते. दोष जोशींचा नव्हे, रुळाचा. १:८७ प्रमाणाचा बाजारी रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय रुळावरून बेतलेला. डलहौसींच्या काळात आपल्याकडे साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर ठरले. त्याला ८७ने भागा. सव्वाएकोणीसहून किंचित जास्त येतात. म्हणजे आपली गाडी दुकानातल्या रुळावर प्रमाणात बसतच नाही. रुळापासून सगळे हाताने घडवायला हवे.

आणि घडवण्यासारखे होते काय? १८७९पासूनचे परळचे वर्कशॉप, गिरण्यांची धुरांडी, भोंग्याला पुलावर उसळणारी गर्दी. यांतले बरेचसे आता फक्त छायाचित्रांत उरले आहे, आणि छायाचित्रात गाडी हलत नाही. १८५३ सालचा पहिला मार्ग, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटरचा. याच प्रमाणात तो सुमारे ३९० मीटर भरेल. तेवढी बाग मुंबईत कुणाला परवडणार?

चाळ पाडायच्या आधी मी आमच्या मजल्याची गॅलरी टेपने मोजून ठेवली होती. बावीस मीटर. करी रोड ते परळ सहज मावले असते.