पाळीव मांजर आणि बागेतील पक्षी

घराचे आवार, बाग आणि वस्तीलगतची झाडेझुडपे यांत राहणाऱ्या लहान पक्ष्यांची पाळीव मांजराकडून होणारी शिकार. मांजर मोकळे सोडण्याची रीत जिथे जिथे आहे, तिथे ही शिकार होतेच. तिचा बारकाईने अभ्यास मात्र प्रामुख्याने ब्रिटनमध्ये झाला. घरामागची बाग, बागेत पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे आणि मांजराला हवे तेव्हा आत-बाहेर करता यावे म्हणून दाराला बसवलेली झडप, या तिन्ही गोष्टी तिथे एकाच घरात सापडतात. त्यामुळे ही नोंद मुख्यतः ब्रिटनमधील निरीक्षणांवर आधारलेली आहे. निसर्ग क्रूरच असतो, त्यात मांजराचा काय दोष, असे एक मत या विषयावर नेहमी ऐकू येते. त्यातला पहिला भाग खरा आहे. पण मांजराला वाटी भरून खाऊ घालणारा हात निसर्गाचा नव्हे, आणि या विषयाचा गाभा तिथेच आहे.

शिकारीची रीत : पाळीव मांजर हे आफ्रिकी रानमांजराचे माणसाळलेले रूप आहे. सायप्रस बेटावर शिलोरोकाम्बोस येथे माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले असून ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. इतक्या काळात कुत्रा, गाय आणि शेळी यांची शरीरे व स्वभाव माणसाने पार बदलून टाकले. मांजराचे शिकारीचे अंग मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहिले, कारण कोठारातले उंदीर मारणे एवढेच त्याच्याकडून हवे होते.

बागेतली शिकार पाहिली तर हे लगेच पटते. हिरवळीवर किडे टिपणारा ब्लॅकबर्ड (आपल्याकडच्या कस्तुराचा भाऊबंद) मान खाली घालतो, तेव्हा मांजर कुंपणाखालून दोन पावले सरकते; त्याने मान वर केली की उचललेला पंजा तसाच अधांतरी ठेवून थिजते. पोट जमिनीला लागलेले, कान पुढे आणि शेपटीचे फक्त टोक हलत असते. अंतर पुरेसे कमी झाले की मागचे पाय जागच्या जागी दोन-तीनदा दाबून घेते आणि मग छोटी, सरळ धाव. पुढच्या पंजांनी पक्षी दाबला जातो आणि सुळे मानेत, दोन मणक्यांच्या मधल्या फटीत रुततात. नेम साधला तर मृत्यू क्षणात येतो, पण तो नेहमी साधतोच असे नाही.

पोट भरलेले मांजर शिकार करत नाही, हा सर्रास आढळणारा समज चुकीचा आहे. खात बसलेल्या मांजरासमोर जिवंत उंदीर सोडला, तर ते अन्न टाकून उठते, उंदीर मारते आणि परत येऊन उरलेले अन्न खाते, असे प्रयोगांत दिसले आहे. भूक आणि शिकारीची ऊर्मी यांचे धागे मांजराच्या मेंदूत बऱ्याच अंशी वेगळे आहेत. रानात दर धाव यशस्वी होत नाही; भूक लागेपर्यंत थांबणारा शिकारी उपाशी मरतो.

पकडलेल्या जिवाशी मांजर खेळते, हे पाहणाऱ्याला सर्वांत असह्य होते. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण आपल्याकडे त्यावरूनच आली. त्यामागे दुष्टपणा असल्याचे मानण्यास आधार नाही. चोच किंवा दात असलेला प्राणी अजून उलटून चावू शकतो. त्याला दमवून मगच मानेजवळ जाणे सुरक्षित असते. भक्ष्य मोठे किंवा बिचकवणारे असेल तर हा खेळ लांबतो आणि मांजर भुकेले असेल तर लवकर आटोपतो. म्हणजे घरी पोटभर खाल्लेल्या मांजराच्या तावडीतल्या पक्ष्याचे हाल अधिक होण्याची शक्यता असते. चार्ल्स डार्विन यांनी १८६० साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात, दयाळू ईश्वराने हे जग हेतुपूर्वक असेच घडवले यावर विश्वास का बसत नाही, हे सांगताना दोन उदाहरणे दिली होती : जिवंत सुरवंटाच्या शरीरात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या अळ्या, आणि उंदराशी खेळणारे मांजर.

मृत्यूचा ताळेबंद : लहान पक्ष्यांच्या आयुष्यात मांजर नसले तरी मरण भरपूर असते. ब्लू टिट हा आपल्याकडच्या रामगंगेच्या कुळातला चिमुकला पक्षी एका वेळी साधारण ८ ते १२ अंडी घालतो. पक्ष्यांची संख्या वर्षानुवर्षे स्थिर राहायची असेल, तर एका जोडीमागे सरासरी दोनच जीव प्रजननाच्या वयापर्यंत टिकायला हवेत. उरलेले सगळे भुकेने, थंडीने, रोगाने, किंवा कोणाच्या तरी चोचीत वा नखांत संपतात. १९६२-६३ चा हिवाळा ब्रिटनमध्ये इतका कडक होता, की रेन या अगदी लहान पक्ष्यांची संख्या कोसळली. आपल्या शिक्र्याचा जवळचा नातलग असलेला स्पॅरोहॉक भक्ष्याची पिसे उपटून, कित्येकदा ते पुरते मरण्याआधीच, खायला सुरुवात करतो. मांजराला क्रूर आणि ससाण्याला उमदा म्हणणे हा केवळ आपल्या नजरेचा पक्षपात आहे.

फरक आहे तो हिशेबाचा. एखाद्या भागातले लहान पक्षी कमी झाले, तर स्पॅरोहॉकची पिल्ले उपाशी राहतात आणि काही वर्षांत शिकारीही घटतात. शिकार व शिकारी एकमेकांना असे लगाम घालतात. पाळीव मांजराला हा लगाम नाही. बागेतला शेवटचा पक्षी संपला तरी संध्याकाळची वाटी भरलेलीच असते. पशुवैद्य, लस आणि ऊबदार घर यांमुळे एकाच गल्लीत इतकी मांजरे राहू शकतात, की तेवढ्या जागेत एवढ्या आकाराचा रानटी शिकारी कधीच टिकला नसता.

मोजणी : या प्रश्नाची पहिली गाजलेली मोजणी इंग्लंडच्या बेडफर्डशर परगण्यातील फेल्मरशॅम या खेड्यात झाली. पीटर चर्चर आणि जॉन लॉटन यांनी गावातल्या सुमारे ७० मांजरांच्या मालकांना, मांजराने घरी आणलेला प्रत्येक प्राणी जपून ठेवायला सांगितले. वर्षभरात हजाराहून अधिक प्राणी जमले. त्यांत सुमारे ३०० पक्षी होते आणि पक्ष्यांत चिमण्या सर्वाधिक. गावातल्या चिमण्यांच्या एकूण मृत्यूंपैकी किमान ३० टक्के मांजरांमुळे होत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी १९८७ साली मांडला. पुढे १९९७ मध्ये ब्रिटनच्या मॅमल सोसायटीने ९८६ मांजरांची एप्रिल ते ऑगस्ट अशी पाच महिन्यांची नोंद ठेवली. त्यावरून देशातल्या सुमारे ९० लाख मांजरांनी त्या पाच महिन्यांत ९ कोटी २० लाखांच्या आसपास प्राणी घरी आणले आणि त्यांत सुमारे २ कोटी ७० लाख पक्षी होते, असा अंदाज निघाला.

हे आकडे घरी आणलेल्या शिकारीचे आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून पाहिले, तेव्हा शिकारीपैकी जेमतेम पाव हिस्सा घरी पोहोचल्याचे दिसले; बाकीची तिथेच खाल्ली किंवा टाकून दिलेली. अमेरिकेसाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्ष्यांचा आहे. त्यातला मोठा वाटा मात्र बेवारस मांजरांचा आहे, आणि घरच्या मांजराच्या नावावर सगळा आकडा लिहिणे अन्यायाचे होईल.

कोट्यवधी पक्षी मेले म्हणजे पक्ष्यांची जात घटली, असे लगेच म्हणता येत नाही. ब्रिस्टल शहरातील एका अभ्यासात मांजरांनी मारलेले पक्षी, काचेवर किंवा वाहनावर आदळून मेलेल्या पक्ष्यांपेक्षा अंगाने कृश आढळले. म्हणजे निदान काही पक्षी असे, की जे हिवाळा काढू शकलेच नसते. याच आधारे आरएसपीबी ही ब्रिटनची सर्वांत मोठी पक्षिसंरक्षण संस्था, देशभरातील पक्ष्यांच्या घटीला मांजरे कारणीभूत असल्याचा पुरावा नाही, अशी भूमिका घेत आली आहे. शेतीतले बदल आणि अधिवासाचा नाश यांचा वाटा निःसंशय मोठा आहे. पण ‘तो तसाही मेलाच असता’ हा युक्तिवाद प्रत्येक पक्ष्याला लावणे चूक आहे. मे-जूनमध्ये घरट्याबाहेर पडलेली धडधाकट पिल्लेही याच पंजांत सापडतात. त्यांच्यातली कोणती जगली असती, हे कोणी आधी सांगू शकत नाही.

शिवाय मांजराला पक्षी मारावाही लागत नाही. शेफील्डमधील संशोधकांनी ब्लॅकबर्डच्या घरट्यांजवळ पेंढा भरलेले मांजर थोडा वेळ ठेवून उचलून नेले. आईबापांनी आरडाओरडा केला, आणि मांजर गेल्यावरही पिल्लांना चारा आणण्याच्या फेऱ्या दीड तासाहून अधिक काळ सुमारे एक तृतीयांशाने कमी राहिल्या. त्या कोलाहलाने घरट्याचा पत्ता कावळ्यांच्या कुळातल्या पक्ष्यांना लागला आणि पुढच्या चोवीस तासांत घरटी लुटली जाण्याचे प्रमाण वाढले.

बेटांवर या प्रश्नाला दुसरी बाजूच उरत नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झाले, त्या सुमारास तिथे मांजरे पोहोचली. उडू न शकणारा एक इवलासा रेन त्या बेटावर तग धरून होता. दीपगृहाचे कर्मचारी डेव्हिड लायल यांनी मांजराने आणलेले नमुने पक्षितज्ज्ञांकडे धाडले, म्हणून ती जात विज्ञानाला कळली. आणि कळते न कळते तोच ती संपली. एकट्या मांजरीने हे केले ही प्रसिद्ध कथा खरी नाही, बेटावर अनेक मांजरे होती. सस्तन शिकारी कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्या पक्ष्यांना पळणेही ठाऊक नव्हते.

उपाय : मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा उंदरांचा बेत प्रत्यक्षात तपासला गेला आहे. काही प्रयोगांत घंटेमुळे शिकार ४० टक्क्यांच्या आसपास घटली. पण एक्सेटर विद्यापीठाने इंग्लंडच्या नैऋत्य भागातील ३५५ मांजरांवर केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घंटेचा ठळक परिणाम दिसला नाही. त्याच प्रयोगात भडक रंगांच्या कापडी गळपट्ट्याने घरी येणारे पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले, कारण पक्ष्यांना रंग चांगले दिसतात. मांसाचे प्रमाण भरपूर असलेल्या खाण्याने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळल्याने २५ टक्क्यांनी घटली. मांजर पूर्णपणे घरात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. जर्मनीतील वॉल्डोर्फ गावाच्या एका भागात, उरल्यासुरल्या तुरेवाल्या चंडोलांना वाचवण्यासाठी, २०२२ पासून विणीच्या महिन्यांत मांजरे बाहेर सोडण्यास बंदी घालण्यात आली. मालकांनी विरोध केला. मांजराच्या दुःखाची त्यांना वाटणारी काळजी खरी होती. तरीही ज्याने प्राणी पाळला त्यानेच त्याचा लगाम व्हावे, हे म्हणणे रास्त आहे.

महाराष्ट्रात हे इंग्लंडचे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे सोसायट्यांच्या आवारात, मंडईत आणि कोळीवाड्यांत फिरणारी बहुतेक मांजरे कोणा एकाची नसतात, आणि घरट्यांवर कावळा, भारद्वाज व धामण यांचाही डोळा असतो. तरी बाल्कनीतल्या कुंडीत घरटे करणारा बुलबुल, बागेत खालच्या पानांत घर शिवणारा शिंपी आणि जमिनीवर उतरून किडे टिपणारा दयाळ हे मांजराच्या टप्प्यातले पक्षी आहेत. पाण्याचे भांडे किंवा दाणे ठेवताना ते झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, उघड्यावर ठेवावेत. मांजराला दबा धरायला आडोसा मिळत नाही.

मांजराच्या तोंडून सोडवलेला पक्षी वरवर ठीक दिसला तरी त्याला सोडून देऊ नये. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा हा जीवाणू असतो. पिसांखाली झाकलेल्या टाचणीएवढ्या जखमेतूनही तो रक्तात पसरतो आणि एक-दोन दिवसांत पक्षी मरतो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात त्याला ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडून प्रतिजैविक सुरू करावे. याउलट जमिनीवर बसलेले, पिसे फुटलेले पण नीट उडता न येणारे पिल्लू जखमी नसेल, तर ते उचलून घरात आणू नये. त्याचे आईबाप जवळपासच असतात आणि त्याला भरवत असतात. त्याला जवळच्या दाट झुडपात उंच ठेवावे, आणि ते उडू लागेपर्यंतचे दिवस मांजरालाच घरात ठेवावे.